भाईच्या खुर्चीचं वर्णन

अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे गुहागरकडच्या आमच्या गावात फार पूर्वीच ठरलं होतं. ठरवलं मीच, त्यामुळे वाद झाला नाही. विहिरीला पंप हवा असला की माझ्या अर्जात अख्खी वाडी तहानेने तडफडे. रस्त्याला खडी हवी असली की निदान एक गरोदर बाई डोलीत अडकवावी लागे. मामलेदार कचेरीत दहा लिहिलं तर दोन पदरात पडतं, आणि वाचणारा साहेबही मनातल्या मनात आठ वजा करूनच वाचतो. हा दोन्हीकडचा शिरस्ता. त्यात खोटं असं कोणाला वाटत नाही.

ही विद्या घेऊन मी मस्कतला अमेरिकन सरकारच्या एका कार्यालयात कारकून झालो.

तिथली व्यवस्था कळायला मला तीन वर्षं लागली. वरचे अमेरिकन साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे. आलेल्या नव्या साहेबाला चहाचं यंत्र कुठे आहे हे दाखवायला आम्ही खालचे तेवढे कायम. आणि गंमत म्हणजे तिथे पगाराची पायरी माणसाला नसे, खुर्चीला असे. प्रत्येक खुर्चीला एक नंबर आणि त्या नंबराच्या फायलीत एक वर्णन, की या खुर्चीतला माणूस काय काय काम करतो. त्या वर्णनावरून पायरी ठरायची. तुम्ही वीस वर्षं घासली असलीत तरी खुर्चीला त्याचं काही नाही.

आमच्या गोदामातल्या खुर्चीत भाई बसायचे. म्हणजे बसायचे क्वचितच. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, आठवी पास. विमानतळावर आलेली सरकारी खोकी कस्टममधून सोडवून आणायची, हे त्यांचं काम. दिवसभर ‘इन्शाल्ला’ म्हणत बसलेल्या कस्टमवाल्याकडून त्याच दुपारी ‘खलास’, म्हणजे झालं काम, असं वदवून घ्यावं ते भाईंनीच. बायको आणि मुलगी त्यांच्याच व्हिसावर. मुलगी मस्कतमधल्याच अल् घुब्राच्या भारतीय शाळेत अकरावीला, डॉक्टर व्हायचं तिच्या डोक्यात पक्कं.

“मास्तर,” एके दिवशी भाई म्हणाले (लिहिणारा म्हणून मला ते मास्तरच म्हणत), “माजी खुर्ची जरा वर चडते काय बगा की. तुमी लिवता तसं कोन लिवतंय?”

एवढ्या कौतुकावर मी काय बधणार! त्या संध्याकाळीच बसलो. खोकी सोडवणं याचं मी ‘सीमाशुल्क अधिकाऱ्यांशी वाटाघाटी’ केलं. वहीत टिपून ठेवणं याचं ‘साठ्याचं विश्लेषण’. गोदाम झाडणाऱ्या दोघांना भाई रोज चहा पाजायचे, म्हणून ‘दोन कर्मचाऱ्यांवर देखरेख’. आणि शिक्षणाच्या रकान्यात, खुर्ची शोभून दिसावी म्हणून, ‘दोन वर्षं कॉलेज आवश्यक’.

भाईंना वाचून दाखवलं.

“हा मानूस कोन हाय?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच.”

“या अल्ला! भेटायला पायजे त्याला.”

आस्थापना बघणारी अमेरिकन बाई सज्जन होती. तिने मला तीनदा विचारलं, “हे सगळं तो खरंच करतो?” तिन्ही वेळा मी म्हणालो, शंभर टक्के. तिने आठ वजा केले नाहीत. एक शब्दही वजा केला नाही. वर जिथे पाठवायचं तिथे पाठवलं, आणि काही महिन्यांनी उत्तर आलं: वर्णन उत्कृष्ट, पायरी मंजूर.

आम्ही मस्कतजवळ सीबला माझ्या घरी बिर्याणी केली. भाईंनीच केली, मी कांदा कापला आणि बोटही.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या लेखी ही जुनी खुर्ची वर चढलेली नव्हती. ही नवी खुर्ची होती, नवा नंबर. जुना नंबर जानेवारीअखेर रद्द होणार. नव्या खुर्चीसाठी भाईंनीही इतरांसारखा अर्ज करायचा, आणि अट: दोन वर्षं कॉलेज.

“पण ती अट मीच लिहिली,” मी म्हणालो. “उगाच लिहिली.”

“लिहिलीस ना?” त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, दमून.

तरी त्या झटल्या. भाईंना शिक्षणाच्या अटीतून सूट मिळावी म्हणून वॉशिंग्टनला लिहिलं. डिसेंबर गेला. मग दोन हजार सतराचा जानेवारी उजाडला, तिकडे सरकार बदललं, आणि महिना संपायच्या आत हुकूम आला की नवी भरती बंद. नव्या खुर्चीत कोणालाच बसवायचं नाही, म्हणजे अटीतून सूट देण्याचा प्रश्नच मिटला.

“मग जुन्या खुर्चीतच राहू दे त्यांना,” मी म्हटलं. “नंबर परत आणा.”

“रद्दचा कागद आधीच निघालाय. तो नंबर परत आणला तर तीही नवी भरतीच होते,” बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिथे नुसता डोंगर होता, उघडाबोडका.

नोकरी गेली की व्हिसा गेला. भाईंच्या हातात देश सोडायला एक महिना होता आणि पोरगी आता बारावीला, परीक्षा मार्चात. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. पोरगी आतल्या खोलीत दार लावून. अभ्यास करत होती की काय, विचारायची हिंमत झाली नाही.

“भाई, एक मार्ग आहे,” मी म्हणालो. “ती परीक्षेपुरती व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे राहील. शाळेला, व्हिसा ऑफिसला मी आत्ता अर्ज लिहितो.” आणि खिशातून पेन काढलं.

भाईंनी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या खिशात परत खोचलं.

“मास्तर, तुमी आता काय लिवू नका.”

पोरगी त्या वर्षी परीक्षेला बसली नाही. पुढचं मला कळलं नाही. फोन करायचं मी टाळत गेलो, मग भाईंचा नंबरही बदलला.

त्यानंतर खोकी मी सोडवू लागलो. मला त्याच दुपारी ‘खलास’ कधी मिळालं नाही. पुढे वॉशिंग्टनहून तपासणीचं पथक आलं. सरकारी कारभार नीट चालतो का हे बघायला अशी पथकं जगभर फिरत असतात. त्यातल्या एका वयस्क गृहस्थाने रिकाम्या खुर्चीची फाईल चाळली आणि मान डोलावली.

“वर्णन छान लिहिलंय. दुसऱ्या कार्यालयांना नमुना म्हणून दाखवावं असं.” मग विचारलं, “हे काम सध्या कोण करतं?”

“मी.”

“तुझ्या वर्णनात आहे?”

होतं. शेवटची ओळ: ‘सांगितली जातील ती इतर कामं.’ त्यांनी बरोबरची खूण केली.

जाताना त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. कुठे काही चुकत असेल तर मोकळेपणाने लिहा, नाव गुप्त राहील. खाली भला मोठा चौकोन, कोरा. माझ्यासारख्या अर्जबहाद्दराला एवढी जागा आयुष्यात कोणी दिली नव्हती.

मी पेन काढलं. टोपण काढलं नाही. कागद तसाच परत दिला.

“सगळं ठीक तर,” ते म्हणाले, आणि तेही टिपून घेतलं.