केवलराम त्या दिवशी गप्प बसला

भिलाईच्या हुडको कॉलनीतली माणसं केवलरामला आमंत्रण द्यायला कचरत. लग्नाच्या मांडवात तो नवरदेवाच्या मामाला म्हणे, "इंजिनिअर कावून सांगून राहिले? डिप्लोमा झाला आहे त्याचा." तेरवीच्या पंगतीत म्हणे, "झोपेत गेला नाई तो. तडफडून गेला. मी पाह्यला." लोकांचे घास हातातच राहत. आतून भांडं आपटल्याचा आवाज येई.

त्याला त्याचं काही वाटत नसे. नोकरीभर तो कारखान्यात क्रेनवर होता. वर केबिनमध्ये एकटा, खाली लोंबकळतं लोखंड. खाली कोणी आहे काय, असं तो वरून विचारी. एखादा नवा पोरगा ओरडे, "बहुतेक नाई!" मग केवलराम लोखंड हवेत तसंच धरून ठेवी. काम अडे. फोरमन आईबहिणीवरून सुरू होई. 'बहुतेक' गळून नुसतं 'नाई' ऐकू येईपर्यंत लोखंड खाली उतरत नसे.

कारखान्यात हे खपलं. कॉलनीत खपलं नाही. बायको होती तोवर ती घरोघरी जाऊन समजूत काढायची. ती गेल्यावर ते काम सून दामिनीच्या गळ्यात पडलं, आणि दामिनी समजूत काढणाऱ्यांतली नव्हती.

मराठी मंडळ दर वर्षी वर्धापनदिनाला निवृत्त माणसांचा सत्कार करी. केवलरामचं नाव दर वर्षी राहून जाई. या वर्षी दामिनी मंडळाची सचिव झाली होती, त्यामुळे राहून जाता आलं नाही.

"मामाजी, उद्या तोंड उघडायचं नाही," तिनं सासऱ्याला बजावलं. "शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, खाली उतरायचं. मला या लोकांतच राहायचंय."

"कोणी चुकीचं बोल्ला तर?"

"तर ऐकून घ्यायचं. कोई मरता नहीं उससे."

"मरते."

"बघा! बस, यही. यही आपका!"

एरवी त्यानं ऐकलं नसतं. पण आमगावकडच्या गावाहून मोठा भाऊ आला होता. गुलाबराव. केवलरामनंच त्यांना हट्टानं बोलावलं होतं. भावासमोर घरात तमाशा नको, म्हणून त्यानं मान हलवली.

कार्यक्रमाला गुलाबराव तिसऱ्या रांगेत बसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. मंडळाचा सूत्रसंचालक मोहित माइकसमोर आला. आवाज चांगला होता त्याचा. केवलरामचा परिचय त्यानं स्वतःच तयार केला होता. विचारायला मात्र घरी आला नव्हता.

"मित्रांनो," मोहितनं आवाज खाली आणला, "एक अनाथ पोर. पायात चप्पल नाही, पोटात अन्न नाही. मागे आई-बाप नाहीत, भाऊ-बहीण नाही. दुर्ग स्टेशनावर ते पोर एकटं उतरलं. 'जेवलास का' असं विचारणारं एकही माणूस त्याला या जगात नव्हतं!"

पुढच्या रांगेत एका बाईनं पदर डोळ्यांना लावला.

दुर्गला केवलराम एकटा उतरलाच नव्हता. त्याची पेटी गुलाबरावांच्या डोक्यावर होती. भिलाई-३ मध्ये खोली घेतली ती गुलाबरावांनी. धाकटा आयटीआयला जाई, थोरला रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचली आणि संध्याकाळी येऊन स्टोव्ह पेटवी. गुलाबरावांनाही मशीन शिकायची होती. पण दोघंही शिकायला गेले असते तर रांधलं कोणी असतं? केवलराम नोकरीला लागला, तसे ते गावी परतले. शहराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

केवलराम खुर्चीतून अर्धा उठला. स्टेजच्या कडेला दामिनी उभी होती. तिनं डोळे वटारले. तो बसला.

गुलाबराव आधी हसऱ्या तोंडानं ऐकत होते, दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसे. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्टेजकडे पाहिलं. भरल्या पंगतीत लोकांचं खोटं काढणारा आपला भाऊ आता उठेल, हे ते धरूनच चालले होते.

टाळ्या पडल्या. केवलरामनं शाल घेतली, नारळ घेतला. खाली पाहिलं तर तिसऱ्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती.

दुर्गच्या फलाटावर गुलाबराव सापडले.

"भाऊ, घरी चल."

"कोणाच्या? अनाथाच्या?"

"मी नाई सांगितलं ते. त्या पोट्ट्यानं मनानं लिहिलं."

"त्यानं लिहिलं. तू ऐकून घेतलं."

"सुनेनं म्हटलं होतं, बोलू नका."

"तू कोणाचं ऐकतं रे? माह्या पोरीच्या मांडवात तुनं व्याह्याचं खोटं काढलं होतं. लगन मोडता मोडता राह्यलं. तवा मी लोकाइले म्हटलं, माहा भाऊ खरं बोलते, बोलू द्या त्याले. लोकाइच्या खऱ्यासाठी जीभ आहे तुले. माह्यासाठी नाई."

"मी सगळ्याइले फोन करतो. एकेकाले सांगतो."

"टाळ्या काय फोनवर वाजल्या?"

गाडी लागली. केवलरामनं पिशवी घ्यायला हात पुढे केला. गुलाबरावांनी ती दुसऱ्या हातात घेतली आणि चढले.

दुसऱ्या दिवशी केवलराम मोहितच्या दारात उभा राहिला.

"काकाजी, लोक रडले," मोहित म्हणाला. "थोडं इमोशन टाकावं लागतं."

"इमोशनसाठी माह्या मायले मारून टाकलं? तिनं माह्या पोराले मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं रे. आन् माहा भाऊ तिथं बसून होता. जित्ता."

"मला काय माहीत, भाऊ आहे म्हणून!"

"विचारलं होतं?"

मोहित मोबाइलकडे बघायला लागला. "आता काय फरक पडतो, काकाजी? झालं ना ते."

केवलराम तिथून निघाला तो थेट घरी आला आणि दामिनीला म्हणाला, "संक्रांतीले मंडळात मी बोलणार."

"तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही."

"तरी बोलणार."

त्यानंतर सासरा-सुनेचं बोलणं बंद झालं. ती ताट वाढायची आणि खोलीत निघून जायची. तोही भाजी खारट झाली तर खारट झाली म्हणायचाच, रिकाम्या स्वयंपाकघराला.

गावी फोन लावला की गुलाबराव उचलत. काही बोलत नसत. मग ठेवून देत.

संक्रांतीच्या दुपारी मंडळाचं सभागृह भरलं होतं. बायका वाण लुटत होत्या. केवलरामनं मोबाइलवर भावाचा नंबर लावला. फोन उचलला गेला. त्यानं फोन तसाच चालू ठेवून सदऱ्याच्या खिशात टाकला, स्टेजवर चढला आणि मोहितच्या हातातून माइक घेतला.

"माह्या परिचयात खोटं सांगितलं होतं—"

माइक बंद पडला. बटणापाशी दामिनी उभी होती.

"घ्या! सणाच्या दिवशीही?" कोणीतरी म्हणालं. "उतरवा रे यांना."

केवलराम उतरला नाही. क्रेनवरून ओरडायची सवय त्याला होती.

"मी अनाथ नव्हतो! माह्ये माय-बाप कितीतरी वर्षं जगले! दुर्गले मी एकटा उतरलो नाई. माहा मोठा भाऊ सोबत होता. गुलाबराव. दिवसभर त्यानं पोती उचलली आणि संध्याकाळी मले रांधून घातलं. भात आन् तुरीची डाळ. तो त्या दिवशी इथं, तिसऱ्या रांगेत होता. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसलो."

टाळी वाजली नाही. "वाण घ्या गं, पुढे सरका," एक बाई म्हणाली आणि गलका पुन्हा सुरू झाला.

केवलराम स्टेजच्या कोपऱ्यात गेला. खिशातून फोन काढून कानाला लावला.

"भाऊ, ऐकलं?"

"तुरीची नव्हती," गुलाबराव म्हणाले. "लाखोळीची होती."

धान निघाल्यावर शेताच्या त्याच बांधीत येणारी ती डाळ. गरिबाघरची. कॉलनीत कोणी तिचं नावही घेत नसे.

"लाज वाटली काय रे सांगाले?"

तूर केवलरामच्या तोंडून कशी निघाली, हे त्याचं त्यालाच कळेना. मोहितला तरी माहीत नव्हतं. त्याला स्वतःला माहीत होतं.

फोन हातातच धरून तो परत स्टेजच्या मधोमध आला.

"अजून काय राहिलं, मामाजी?" दामिनी खालून ओरडली.

"एक चूक झाली!" केवलराम ओरडला. "तुरीची नाई, लाखोळीची डाळ होती! रोज लाखोळीचीच होती!"

दोन पोरी फिस्सकन हसल्या. मोहितनं कपाळाला हात लावला. केवलरामनं फोन कानाला लावला.

"आता बस खाली," पलीकडून गुलाबराव म्हणाले.

तो खाली बसला.