मिरीवाल्याची घटपर्णी

सामा लुदानला झाड जगवता येत नाही, असं आमच्या गावात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी आधी त्याच्याच कपाळाला हात लावून ताप बघितला असता. उतारावरची त्याची मिरीची बाग बघायला शेतकी खात्याची माणसं यायची, फोटो काढायची आणि खतावरचं त्याचं व्याख्यान ऐकून दमून परत जायची. सिद्धांत एकच होता: जे जगतं ते खातं, आणि जे मरतं ते कुणाच्या तरी चिक्कूपणाने मरतं.

आम्हा बिदायुह लोकांत पहिलं मूल झालं की आईबापाची स्वतःची नावं मागे पडतात. लुदानचा बाप तो सामा लुदान, आई ती सिंदो लुदान. लुदान स्वतः बोलायला लागायच्या आतच तापाने गेला. दुसरं मूल झालं नाही. नावं राहिली. नवरा-बायको उरलेला सगळा संसार एकमेकांना मेलेल्या मुलाच्या नावाने हाका मारत होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नाताळानंतर सिंदो लुदानच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "घरी न्या. आवडेल ते खायला द्या." हे वाक्य डॉक्टर कधी उच्चारतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. सामा लुदानने ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेतलं.

"काय आवडेल?" त्याने विचारलं.

"माकडाच्या मडक्यातला भात," ती म्हणाली.

माकडाचं मडकं म्हणजे घटपर्णी, मडक्यात पडलेले किडे नि पाचोळा पचवून जगणारी. जमिनीलगत हिची सुगडाएवढी बुटकी मडकी लागतात; ती धुऊन त्यात नारळाच्या दुधात भिजवलेला चिकट तांदूळ भरायचा आणि वाफवायचा. सुगीच्या सणाला, गवाईला, हा भात घरोघरी व्हायचा. मडकी गावामागच्या पांढऱ्या वाळूच्या दलदलीत इतकी असायची की पायाखाली फुटायची. आता तिथे तेलताडाची लागवड आहे, ओळीत, शाळेतल्या कवायतीसारखी. सामा लुदान दिवसभर तिथल्या चराच्या कडेने फिरला आणि काही मरतुकडी रोपं घेऊन आला. मडकं एकावरही नव्हतं.

"गवाईपर्यंत लागतील," तो म्हणाला. "घरचं खाणं मिळू दे फक्त."

त्याने ती मिरीसारखी लावली. मातीचा उंच वरंबा, भाजलेली माती, कोळंबीची कुजवलेली टरफलं, वर मूठभर रासायनिक खत. त्याची भाची मितास शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती फोन घेऊन धावत आली.

"मामा, यात लिहिलंय, खत घालायचं नाही. माती नुसती निकस हवी. पाणी पावसाचं."

"तुझ्या फोनने आजवर किती मिरी पिकवली?"

"ही मिरी नाही, मामा."

"झाडच आहे ना? का फोनमध्ये बकरी म्हणून लिहिलंय?"

महिना संपायच्या आत रोपं काळी पडली. एक उरलं. त्याचं खत त्याने कमी केलं, म्हणजे मिरीच्या निम्म्यावर आणलं. त्याला हाताएवढी तुकतुकीत पानं फुटली. पानाच्या टोकाला दोरा निघे, आणि दोऱ्याच्या टोकाला जिथे मडकं लागायचं तिथे काही नसे. ज्याला मुळाशीच सगळं आयतं मिळतं ते झाड पोट कशाला बनवील?

घरात बायकोचंही तेच चाललं होतं. सकाळी अंड्याची पेज, दुपारी कोंबडीचं पाणी, मध्ये साबुदाणा. ती गिळायची, मग ओकायची. तो भांडं धुऊन पुन्हा भरून आणायचा. अंगणातल्या बांबूच्या माचावर तिची चटई घातलेली होती, तिथून सगळ्या गावाला हे दिसायचं.

एके दुपारी तिने त्याचा चमचा हाताने बाजूला सारला. "सामा लुदान, लाग ना जरा मिरीच्या मागे. मला आणि त्या झाडाला, दोघांनाही सोड. भरवून भरवून मारतोयस."

तो उठला, रोप उपटलं, पिंपातल्या पावसाच्या पाण्यात मुळं धुतली आणि रॉकेलच्या जुन्या डब्याला भोकं पाडून वाळू नि नारळाच्या काथ्यात लावलं. डबा तिच्या चटईशेजारी, वळचणीच्या सावलीत ठेवला. मग बागेत गेला. मितास म्हणते, मामाला रिकाम्या हाताने बसलेलं तिने तेव्हा पहिल्यांदा बघितलं, मिरीच्या वेलांत, कुणाला दिसणार नाही असं.

जुनी पानं पिवळी पडली. नवं पान आलं ते लहान, खरबरीत. त्याच्या दोऱ्याचं टोक फुगलं. सिंदो लुदान येईल त्याला दाखवायची, "बघ, याचं पोट सुटलं." तिचं स्वतःचं पोट पाठीला लागलं होतं. मडकं अंगठ्याएवढं झालं, मग लिंबाएवढं. झाकण अजून बंद होतं. गवाई तोंडावर आली होती. सामा लुदानने चिकट तांदूळ भिजत घातला, एकाच मडक्यापुरता, कारण मडकं एकच होतं.

त्याच सकाळी तिला पाणीही उतरेना. चमचाभर दिलं की ओघळून बाहेर.

"उद्या-परवा उघडेल, मामा," मितास म्हणाली. "थांबा थोडं. त्याशिवाय भात कशात करणार?"

"ती गिळणार आहे का भात?"



न उघडलेल्या मडक्यात झाडाचं स्वतःचं पाणी असतं. त्यात अजून मुंगी पडलेली नसते, पाचोळा कुजलेला नसतो. रानात तहान लागली की आमचे लोक तेच प्यायचे. सामा लुदानने सुरीने झाकण उडवलं, मडकं तिच्या ओठांना लावलं आणि अगदी हळू कलतं केलं. ते उतरलं. बाहेर आलं नाही.

"कसं लागतं?"

"कशासारखं नाही." तिने डोळे मिटले. "अजून आहे?"

त्याने मडकं पालथं करून दाखवलं. "संपलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "नाहीतर बसला असतास परत भरवत."

त्यानंतर तिच्या घशाखाली काही गेलं नाही. गवाईच्या आधीच ती गेली. भिजत घातलेला तांदूळ तोवर आंबला होता. सामा लुदानने तो कोंबड्यांपुढे टाकला, आणि त्या खात होत्या तोवर तिथेच उभा राहिला.