पन्नीतला अलार्म

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बंदच ठेवायची, हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि तुम्ही त्याचं कारण विचारलं होतं का?

आमच्या अकोल्याच्या घरात ते आईनं सांगितलं. कारण कोणी विचारलं नाही. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ सतरा दिवसांचं होतं आणि थंडी कडक होती. खाटेखाली कोळशाची शेगडी, दाराला चादर, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबलेली. आई कोळसे अंगणात फुलवायची आणि धूर सरला की मगच शेगडी आत आणायची. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं तिचं शास्त्र होतं.

मी अमरावतीला नोकरी करते. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, हे मी आईला सांगून पाहिलं. शेगडी हलली नाही. तोडगा म्हणून मी दोन अलार्म आणले, एक धुराचा आणि एक या वायूचा. दोन्ही भिंतीला लावले, खाली एक पत्रक चिकटवलं. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा चळवळीतले; ते होते तेव्हा पोह्यांच्या बशीखालीही एखादं पत्रकच असायचं. त्यामुळे मला साधी सूचना लिहिता येत नाही. ‘बायकांनो, श्वासाचा हक्क मागा!’ असा मथळा आणि खाली चार परिच्छेद. बाईला कोंडून ठेवणाऱ्या रूढींचा त्यात जाहीर निषेध होता. अलार्मची निगा कशी राखायची, याबद्दल एक ओळ नव्हती.

मी अमरावतीला परतले आणि धुराचा अलार्म दुसऱ्याच दिवशी ओव्याच्या धुरीनं वाजला. बाळ दचकलं. आईनं त्याचे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले आणि मला फोन केला.

"तुयं ते बोंबलणारं बंद केलं म्या. दुसरं मात्र शायनं हाय. तोंडातून शब्द काढत नाई."

मला बरं वाटलं. वाजत नाही म्हणजे खोलीतली हवा चांगली, असा मी अर्थ घेतला.

शनिवारी दुपारी घरी पोचले. ताई डोक्याला रुमाल बांधून पडली होती.

"डोकं लय दुखून राहिलं वं. मळमळूनबी राहिलं."

"जागरणानं होते तसं," आई म्हणाली.

"आणि बाळ?"

"लय गुणाचं हाय. सकाळपासून रडलंच नाई."

तेव्हा माझं लक्ष भिंतीकडे गेलं. वायूचा अलार्म प्लॅस्टिकच्या पारदर्शक पन्नीत होता आणि पन्नीला मागून रबर आवळलेलं होतं. आमच्याकडे रिमोट, मिक्सर, इन्व्हर्टर, सगळेच पन्नीत नांदतात.

"आई, हे काय?"

"धूळ बसते ना वं. नवी वस्तू हाय."

"अगं, तिथूनच तो हवा घेतो! नाक आहे ते त्याचं!"

"तं मंग? नाकात धूळ गेलेली चालते काय?"

मी पन्नी ओरबाडली आणि बटण दाबलं. अलार्म वाजून गप्प झाला, म्हणजे यंत्र ठीक होतं. मग मी ताईला आणि बाळाला बाहेर न्यायचं सोडून आईला समजावायला बसले. तीन मुद्दे होते. तिसऱ्या मुद्द्यावर अलार्म पुन्हा वाजू लागला.

"तूनं बटन दाबलं म्हणून वाजून राहिलं ते."

"मी आत्ता दाबलं नाही, आई."

आईनं भिंतीकडे पाहिलं, मग बाळाकडे. तिनं बाळ उचललं, मी ताईला धरलं. बाहेर अंगणातल्या गार वाऱ्यात बाळाचे पाय उघडे पडले, तरी ते रडलं नाही. आम्ही ऑटो करून सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी दोघांना ऑक्सिजन लावला आणि शेगडी किती वेळ होती ते विचारलं. आईनं खरं सांगितलं. बऱ्याच वेळानं बाळानं सगळा वॉर्ड जागा होईल असा टाहो फोडला. आई तिथेच खाली फरशीवर बसली.

"रड रे बापा, रड."

दोघं बरी आहेत. शेगडी आता अंगणात असते, आई कपडे तिथे शेकून आत आणते. घड्याळ बंद आहे, त्यातले सेल धुराच्या अलार्ममध्ये परत गेलेत. आई अलार्म कोरड्या फडक्यानं पुसते आणि महिन्याच्या एक तारखेला बटण दाबून आवाज ऐकते. चूक झाली असं ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नव्हते, म्हणून इथे लिहिते: आठवडाभर मी एका यंत्राच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला आणि फोनवरून एकदाही ‘त्याच्यावर काही झाकलेलं नाही ना बघ, बटण दाबून बघ’ म्हटलं नाही.

तुमच्या घरी असा अलार्म असेल तर हे पान खाली ठेवा, तो उघडा आहे ना ते बघा आणि त्याचं बटण दाबा. अलार्म नसेल आणि आत कोणी शेगडीजवळ निजलं असेल, तर त्यांना आत्ता उठवा आणि आधी बाहेर आणा. डोकं दुखतं का, ते मग विचारा.