म्हैसूरच्या फळ्यावर चढलेलं बियांचं द्राक्ष

द्राक्षपट्ट्यातल्या माणसांनो, सांगली-तासगावच्या, निफाड-दिंडोरीच्या, सोलापूरकडच्या बागाईतदारांनो, तुमच्या लेकी-सुनांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आपण छाटण्या करतो, घड डिपिंगच्या औषधात बुडवतो, फेब्रुवारीत आभाळ नुसतं भरून आलं तरी आपल्या तोंडचं पाणी पळतं. साखर किती उतरली हे आपली पोरं मणी चाखून सांगतात. आणि हीच आपण माणसं वाइन शॉपच्या लोखंडी जाळीसमोर उभी राहिलो की मुकी होतो. जाळीतून नोट आत, कागदात गुंडाळलेली बाटली बाहेर. "रेड आहे." कुठल्या द्राक्षाची? "रेड आहे म्हटलं ना, पुढं सरका." बाई असाल तर मागच्या रांगेची नजर पाठीवर, ती वेगळीच. ज्या मुलुखात द्राक्ष पिकतं त्याच मुलुखात द्राक्षाचं नाव विचारणं हा आगाऊपणा ठरतो. या अपमानाची मला वर्षानुवर्षं चीड आहे.

म्हणून मी म्हैसूरला गेले. माझी मावसबहीण अनघा नोकरीनिमित्त तिकडे गेली त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली, कुवेंपुनगरात घर आहे. ती मला दर महिन्याला एका फळ्याचा फोटो पाठवते. मंडी मोहल्ल्यातलं छोटं दुकान, फक्त वाइन विकण्याचा परवाना असलेलं, जाळी नसलेलं. दारात काळा फळा. त्यावर महिन्याच्या चार शिफारशी आणि सगळ्यात वर, चौकटीत, 'या महिन्याचं द्राक्ष'. त्याखाली ते द्राक्ष कुठं वाढतं, साल जाड की पातळ, कशाबरोबर प्यावं. कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि, डोळे चोळून पाहा, मराठीत! फेब्रुवारीच्या फोटोखाली अनघानं लिहिलं होतं, "मार्चचं द्राक्ष शनिवारी ठरणार. येतेस?"

मिरजेहून म्हैसूरची थेट गाडी मिळाली तर उत्तम, स्लीपरमध्ये सुखानं झोपून जाता येतं. नाही मिळाली तर बेंगळूरला उतरा आणि सरकारी बस पकडा, साधारण तीन तास. शुक्रवारी दुपारी पोहोचले. शनिवारी सकाळी सेट दोसा खाल्ला, एका ताटात तीन, कापसासारखे, आणि रिक्षानं मंडी मोहल्ला गाठला. मसाल्याची पोती, तांब्या-पितळेची दुकानं, हातगाड्या, आणि त्यांच्यामध्ये तो फळा. मी त्यावरच्या मराठी ओळी दोनदा वाचल्या. कितीतरी ग्रंथालयांतून भाषणं केली, पण गिऱ्हाइकाला इतक्या आदरानं वागवणारं लेखन एखाद्या दुकानाच्या दारात कधी वाचलं नव्हतं.

मालक मल्हारी राव. साठीचे, पांढरी मिशी. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले ते इथलेच झाले.

"बन्नी अक्का, या. आमचं मराठी म्हणजे अर्धं कन्नड हां, हसू नका. तुम्ही तिकडचे लोक लई फास्ट बोलता, अल्वा?"

"ही तर फारच," अनघा म्हणाली. "हिला माइक दिला की लोक घड्याळं बघतात."

"माइक नाही, ग्लास देऊ," राव म्हणाले.

त्यांची पद्धत ऐका. कुठल्याही कंपनीच्या माणसानं कितीही गोड बोलून बाटली ठेवली तरी ती आपसूक फळ्यावर चढत नाही. दुकानात पिण्याची परवानगी नाही, म्हणून महिन्यातून एकदा रावांच्या घराच्या गच्चीवर पाच नेहमीची गिऱ्हाइकं जमतात. प्रत्येकानं आपापल्या घरचा डबा आणायचा, कारण वाइन अखेर घरच्या जेवणाबरोबरच प्यायची आहे. पाचांतले चार हात वर झाले तर द्राक्ष फळ्यावर, नाहीतर नाही. राव स्वतः मत देत नाहीत. आणि एका बाटलीला एकच संधी. दुकान उघडल्यापासून, अकरा वर्षांत, हा नियम मोडलेला नाही.

त्या शनिवारी पाचांतले एकजण गावाला गेले होते. त्यांच्या जागी मला बसवलं.

गच्चीवर ऊन उतरायला लागलं होतं. अनघा, मी, बँकेत काम करणारं एक जोडपं, आणि निवृत्त प्राध्यापक मूर्ती. मूर्ती सर वाइनवरची पुस्तकं वाचून बसलेले, प्रत्येक बाटलीचं तापमान, ग्लासचा आकार सगळं त्यांच्या देखरेखीखाली. रावांनी बाटली ठेवली. लेबलवर द्राक्षाचं नाव होतं: बेंगळूर ब्लू.

तुमच्यापैकी जाणकारांनी आत्ता नाक मुरडलं असेल. बियांचं, जाड सालीचं, उग्र वासाचं काळं द्राक्ष. आपल्याकडच्या शरद सीडलेसपुढं त्याला कोण विचारतो? रसाला, जॅमला जातं, नाहीतर गोड, स्वस्त वाइनमध्ये बिननावाचं मिसळतं. रावांनी सगळं सरळ सांगितलं. एच. डी. कोटेजवळ सिद्दम्मा नावाच्या बाईंची बाग आहे. जिल्ह्यातल्या एका लहानशा वाइन करणाऱ्यानं गेल्या हंगामात त्यांच्या द्राक्षाची एक टाकी गोडवा न ठेवता, कोरडी केली आणि द्राक्षाच्या नावानं बाटलीत भरली. फळ्यावर चढली तर तो पुढच्या वर्षीही टाकी भरणार. नाही चढली तर नाही. आणि मग सिद्दम्मा वेली तोडून मुलाच्या म्हणण्याप्रमाणे आलं लावणार.

"हे आधी सांगायला नको होतं," मूर्ती सर म्हणाले. "आता जीभ हळवी होते."

"जीभ होऊ दे सर, हात होऊ नये. अष्टे, एवढंच," राव म्हणाले.

आम्ही प्यालो. मी खोटं लिहिणार नाही. घोट तोंडात गेला आणि जड, उकडलेल्या जॅमसारखा वास नाकात बसला. मागून तुरटपणा. अनघाच्या भरल्या वांग्यांशी त्याचं भांडणच झालं. बँकेतल्या दोघांचे हात वर गेले. अनघाचा नाही, मूर्ती सरांचा नाही, माझा नाही. दुर्लक्षित, आपल्या मातीतल्या गोष्टींसाठी आयुष्यभर घसा कोरडा करणारी मी, आणि हात मांडीवरून हलेना. दया म्हणून हात वर करणं हा त्या द्राक्षाचाही अपमान झाला असता. रावांनी बाटलीला बूच लावलं. "आयतु," म्हणाले. झालं. मग जरा वेळानं, "उद्या मी तिला सांगायला जाणार. फोनवर सांगायची गोष्ट नाही. येता?"

रविवारी सकाळी आठला त्यांच्या जुन्या गाडीतून निघालो. म्हैसूरहून एच. डी. कोटे तास-सव्वा तास. बसही भरपूर आहेत, तिकीट किरकोळ. रस्ता बरा आहे, पण गावागावांतून गतिरोधक, तेव्हा पोटभर खाऊन निघू नका. दोन्ही बाजूंना तांबडी माती, केळी, कपाशीचे उरलेले सड, आणि मध्येच झाडांच्या फटीतून कबिनी नदीचं पाणी चमकून जातं.

बाग दिसायच्या आधी वास आला. तोच वास! पण इथं तो जड नव्हता. ओल्या मातीवरून, पानांतून येणारा, गुलाब आणि जांभूळ एकत्र चुरडल्यासारखा. आपल्याकडे लोखंडी अँगल असतात, इथं मांडव दगडी खांबांवर. उंच, उभे चिरे, देवळाच्या सभामंडपासारखे ओळीनं रोवलेले. त्यावर मांडीएवढ्या खोडांच्या वेली चढलेल्या आणि डोक्यावर सलग हिरवं छत, त्यातून लोंबणारे काळे घड, जांभळावर असते तशी पांढुरकी झाक ल्यालेले. मी द्राक्षाच्या गावात वाढलेली बाई. पण चाळीस वर्षांच्या, अजून फळ देणाऱ्या वेलींखाली मी कधी उभी राहिले नव्हते. आपण पंधरा वर्षांत बाग म्हातारी झाली म्हणतो आणि उपटतो. मी चप्पल काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

सिद्दम्मा साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, हातात कात्री. राव कन्नड बोलत, मला मराठीत सांगत. लग्न होऊन त्या बेंगळूरजवळच्या देवनहळ्ळीकडून इथं आल्या तेव्हा माहेराहून काड्या आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. या भागात कुणी द्राक्ष लावत नव्हतं. सासरा म्हणाला, सुनेनं सरपण आणलंय.

"त्या सरपणाची फळं तो मरेपर्यंत खात होता," त्या म्हणाल्या.

मग रावांनी सांगितलं. त्यांनी मांडवाकडे हात नेला. एक घड कापला, पाटीत ठेवला. "सरी," म्हणाल्या. ठीक. "उगादीनंतर छाटणी असते. तेव्हा कात्रीऐवजी करवत आणायला सांगते." आणि लगेच, "जेवून जा."

जेवायला नाचणीचे गरम मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, आणि कुळथाचं सार. पाहुणी आली म्हणून वाइनवाल्यानं दिलेली बाटलीही निघाली. रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलेली. त्यांनी ती स्टीलच्या पेल्यांत ओतली. पेल्याला बाहेरून दव धरलं.

मी प्याले, आणि पेला खाली ठेवून रावांकडे पाहिलं. तेही माझ्याकडेच पाहत होते. ही काल प्यायलेली वाइन नव्हती. जॅमचा वास कुठल्या कुठे गेला होता. आंबट, ताजी, जांभळाच्या सालीची किंचित तुरट, आणि कुळथाच्या तिखट घोटानंतर तोंडातून थंडगार ओढा वाहून जावा तशी. मी पुन्हा प्याले. मांडवाकडे पाहिलं, पुन्हा प्याले. समोर लोंबत होतं तेच पेल्यात होतं, मध्ये काही हरवलेलं नव्हतं.

"काल आम्हाला अशी नाही लागली," राव हळूच म्हणाले.

"कशी प्यालात?"

"पुस्तकात लिहिलंय तशी. रेड म्हणजे खोलीच्या तापमानाला."

सिद्दम्मा मनापासून हसल्या. "कुणाच्या खोलीच्या?"

विचार करा, मित्रांनो! कुठल्यातरी गारठलेल्या देशातल्या दगडी घरातली खोली, आणि फेब्रुवारीतली म्हैसूरची तापलेली गच्ची. आम्ही पाच शिकलेली माणसं, एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही. पुस्तकं मीही खंडीभर वाचली आहेत, पण पुस्तकातली खोली आपल्या घरात आणून बसवायची नसते, हे मला ओल्या वाळूत बाटली पुरणाऱ्या बाईनं शिकवलं.

परतताना राव गाडी चालवत पुटपुटत होते. "एका बाटलीला एकच संधी. मी केलेला नियम."

"राव, संधी दिलीच कुठं? आपण द्राक्षाची परीक्षा घेतली नाही, गच्चीच्या उन्हाची घेतली."

"हे मूर्ती सरांना सांगा तुम्ही. मला ते नियम दाखवतील."

सोमवारी संध्याकाळी पुन्हा गच्ची. मूर्ती सरांनी नियम दाखवलाच. "आज ही, उद्या हरलेली प्रत्येक बाटली अपील करेल."

"करू दे की सर," मी म्हणाले. "न्यायालयात चुकीचा पुरावा मांडला गेला तर खटला पुन्हा उभा राहतो. परवा पुरावाच चुकीचा होता. तो कुणी मांडला ते मी म्हणत नाही."

"तुम्ही म्हणालात," सर म्हणाले, पण हसले. "ठीक. माझा विरोध लिहून ठेवा आणि ओता."

बाटली दुपारपासून बर्फाच्या पाण्यात होती. अनघानं या वेळी मुद्दाम कुळथाचं पिठलं आणलं होतं. गच्चीवर फक्त डब्यांचा आवाज. मग बँकेतल्या दोघांचे हात, अनघाचा, आणि माझा. माझा कसा गेला ते मला कळलंही नाही. मूर्ती सरांचा खालीच. "मला अजून जॅम लागतो," ते म्हणाले. "पण आज मी वाटी पुसून खाल्ला." चार हात पुरे होते. राव मान फिरवून शेजारच्या गच्चीकडे बघत राहिले, बराच वेळ.

मंगळवारी सकाळी फळा पुसला गेला. कन्नड अक्षर मूर्ती सरांचं चांगलं, म्हणून कन्नड ओळ त्यांनीच लिहिली, विरोध कायम ठेवून. मराठी ओळ मला लिहायला दिली. 'या महिन्याचं द्राक्ष: बेंगळूर ब्लू. साल जाड, बिया आहेत, लाज नाही. गार करून प्या.' रावांनी सिद्दम्मांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "फळ्यावर नाव लिहून वेल जगत नाही. बाटल्या गेल्या आणि पुढच्या टाकीचा निरोप आला तर कात्री. उगादीपर्यंत थांबते."

आता मिरजेला परत आले आहे. बाटली आणलेली नाही. राज्याबाहेर न्यायचे नियम आहेत, परवान्यावर मागवणं दुकानदाराचं काम, आणि मी नियमांशी एका आठवड्यात एकदाच भांडते. खर्च म्हणाल तर राहणं बहिणीकडे, प्रवास आणि खाणं एवढाच. काल शेजारच्या बागेत नवी जात लावायला जुन्या वेली उपटत होते. रोज पाहिलेलं दृश्य, पण काल मला तिथून पुढं जाववेना. किती जातींना आपण चुकीच्या खोलीत बसवून नापास केलं असेल, कोण जाणे. म्हैसूरहून अनघाचा निरोप आहे: बाटल्या जात आहेत, पण सावकाश. एक दुकान, एक गाव पुरणार नाही. वाइन करणाऱ्याला इतर ठिकाणांहून विचारणा आली तरच तो दुसरी टाकी भरेल, आणि उगादी, म्हणजे आपला पाडवा, तीन आठवड्यांवर आहे.

तेव्हा एकच करा. या आठवड्यात तुमच्या गावातल्या वाइन विकणाऱ्या दुकानात जा आणि मालकाला स्पष्ट शब्दांत सांगा: 'लेबलवर बेंगळूर ब्लू असं नाव असलेली, म्हैसूर जिल्ह्यातली कोरडी रेड मला हवी आहे, मागवा, आणि माझं नाव लिहून घ्या.'