लाल दोऱ्याची गाठ

"आईची कात्री तूच नेलीस, नादिर. तिची शवपेटी दाराबाहेर गेली नाही तोच तुझा हात शिवणाच्या डब्यात."

"मी डावरी आहे गं बाई. ती कात्री माझ्या हातात कापड कापत नाही, नुसतं चावते. मी नेऊन काय तिचं लोणचं घालू?"

"मला मिळू नये म्हणून नेलीस. विहिरीत टाकली असशील."

"मग विहीर उपस. नाहीतर नीट शोध आणि संत लोंगिन्योला सांग. आणि सापडली ना, की त्या तीन उड्या आपल्या परसात गुपचूप मारायच्या नाहीत. माझ्या फाटकासमोर मारायच्या. मला बघायच्यात."

"मारीन की. तुझ्याच पेटाऱ्यातून निघेल, तेव्हा तुझ्याचसमोर मारीन."

हे भांडण मी ऐकलं तेव्हा भिंतीच्या अलीकडे भाजीची पानं खुडत होते. कान मुद्दाम लावले नव्हते, पण काढूनही घेतले नव्हते. पलीकडे दोर्वालिना आणि तिची धाकटी बहीण नादिर. त्यांची आई जाऊन आठवडाही झाला नव्हता.

संत लोंगिन्यो आमच्याकडे हरवलेलं शोधून देतो. त्याला मेणबत्ती नको, दक्षिणा नको. वस्तू सापडली की त्याचं नाव घेऊन तीन उड्या मारायच्या, की झाला नवस फेडून. नाही फेडला तर पुढच्या वेळी तो ढिम्म हलत नाही. दोर्वालिनाने त्याच संध्याकाळी नवस बोलला, तोही मी ऐकला. कात्री काही सापडली नाही. बहिणींचं बोलणं त्या दिवशी बंद झालं ते झालंच. काळे केस पांढरे झाले, दोघींचेही नवरे गेले, गल्लीत डांबर आलं, तरी नाही.

नादिरचं घर आमच्याच गल्लीत, उताराला, बेकरीच्या अलीकडे. दोर्वालिना रोज संध्याकाळी पाव आणायला निघाली की त्या फाटकाच्या आधी रस्ता ओलांडायची, पलीकडच्या कडेने चालायची आणि बेकरीपाशी पुन्हा अलीकडे यायची. मधे गाडी आली तर गाडीने थांबायचं.

तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता, म्हणून ती मला कोमाद्रे म्हणते. मी रोज सकाळी तिच्याकडे जाऊन बसते. पूर्वी ती मोठाल्या गोधड्या शिवायची, लग्नाच्या, बाळंतिणीच्या. आता गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरतात, म्हणून लहान कामं करते. गॅसच्या टाकीला झालर, पाण्याच्या मातीच्या फिल्टरला टोपी, गरम भांडी उचलायला चिंध्यांच्या चौकोनी गाद्या. गल्लीतलं कुठलंही स्वयंपाकघर बघा, काहीतरी तिच्या हातचं सापडेलच. कापड कुठल्याही रंगाचं असो, शेवटची गाठ ती लाल दोऱ्याने मारते. म्हणजे दुसरी कोणी म्हणायला नको की हे मी शिवलं. आईची कात्री गेल्यावर घेतलेली नवी कात्री कायम गळ्यात, फितीला बांधून. जेवताना गळ्यात, प्रार्थनेला गळ्यात. पाद्रीबाबांनी एकदा विचारलं, हा कुठला नवा क्रॉस? ती म्हणाली, "चोरांचा."

अशाच एका सकाळी मी जुन्या कपड्यांची पिशवी घेऊन गेले. तिने एकेक कपडा उजेडात धरून पाहिला.

"हा शर्ट तुझ्या नवऱ्याचा? त्याने हा रंग कधी घातला?"

"रविवारी घालायचा."

"कुठल्या रविवारी?" असं म्हणून शर्ट बाजूला ठेवला. मेलेल्या माणसालाही ती सोडत नाही.

घरात मांजरं तीन. फुबा मक्याच्या पिठासारखी पिवळी, ती मशीनच्या पायट्यावर झोपते, त्यामुळे मशीन तिला विचारून चालतं. फौजदार नावाचा काळा बोका, कान फाटलेला, कायम दारात. आणि रापादुरा, गुळाच्या ढेपेच्या रंगाची, दोर्वालिनाची सगळ्यांत लाडकी. तिला दोर्वालिनाने फुलाफुलांच्या चिटाचा पट्टा शिवून घातला होता. ही रापादुरा हल्ली रात्र रात्र घरी येत नव्हती, तरी वजन वाढत होतं.

"हे बघ," दोर्वालिना म्हणाली. रापादुराला तिने मांडीवर असं दाबून धरलं होतं की जणू जबानी चालू आहे. "पट्टा काल उसवलेला होता. आज शिवलेला आहे. मी शिवला नाही."

मी चष्मा पुसून पाहिलं. टाके बारीक होते, सुरेख होते. पण उलट्या बाजूला कललेले.

"डावरा हात," ती म्हणाली. "या गल्लीत डावऱ्या हाताने शिवणारी एकच. आधी कात्री, आता मांजर. खायला घालून घालून माझं मांजर फितवते आहे."

"मांजरीने काय सही करून दिलंय का, की मी तुझीच म्हणून?"

"तू तिची बाजू घेऊ नकोस, कोमाद्रे. तोंड हुंगून बघ तिचं. मासळीचा वास येतो. माझ्या घरी मासळी कधी शिजली?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज पावाला जाताना मी रस्ता ओलांडणार नाही. फाटकाशी थांबणार आणि सगळ्या गल्लीसमोर विचारणार, माझ्या घरातलं अजून काय काय नेलंस?"

हे ती बोलली म्हणजे करणार. न बोलणाऱ्या बहिणी मी इतकी वर्षं निभावल्या होत्या. त्यांचं बोलणं अशाने सुरू झालं तर ते मरेपर्यंत थांबायचं नाही.

मग ती कामाला बसली. भांडी उचलायच्या गाद्या शिवताना सुद्धा तोंड बंद नाही. कोपऱ्यावरच्या बाईने गॅसची झालर सांगितली, पण माप दिलं नाही, का दिलं नाही? टाकी दुसऱ्याची असेल. दोऱ्याचं रीळ काल एवढंच होतं का? मी नकळत माझे हात मांडीवर उघडे ठेवून बसले, बघून घे म्हणून. फुबा झोपेत पाय झाडत होती, तिकडेही दोर्वालिनाने एकदा निरखून पाहिलं.

कॉफी गाळायला ती उठली आणि तिच्या चपलेखाली करकर वाजलं. वाळू.

तिच्या मधल्या दाराला एक जुनं वजन असतं, वारा आला की दार आपटू नये म्हणून. कापडाची बसलेली मांजर, पोटात वाळू. आईने शिवलेली, आईच्याच घागऱ्याच्या कापडाची. फौजदार रोज तिच्यावर नखं घासायचा. आज त्याने तिची पाठ फोडली होती आणि वाळूची बारीक धार लागली होती. तो शेजारीच बसला होता, आपला काही संबंध नसल्यासारखा.

"मेल्या, तुला पगार कशाचा मिळतो?" ती त्याला म्हणाली. मग ते वजन मांडीवर घेऊन बसली, शिवण उसवली आणि वाळू परातीत ओतली. अर्धी वाळू पडली आणि पुढे काहीतरी अडलं. तिने आत हात घातला. हात आत गेला आणि तिथेच राहिला. तिचा चेहरा आधी बदलला, हात मागाहून बाहेर आला.

कात्री. लांब पात्यांची, मुठीला आईने गुंडाळलेली सुताची पट्टी अजून तशीच. पात्यांवर गंज.

कॉफीचं पाणी उकळून उकळून आटलं.

"तिने आणून घातली," दोर्वालिना म्हणाली.

"कोणी?"

"नादिरने. मी पावाला गेले असेन तेव्हा. मागच्या दाराने."

"येऊन शिवण उसवली, वाळू उपसली, कात्री घातली, परत शिवली, आणि तू पाव घेऊन यायच्या आत गेली? तिची कंबर बघितलीस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी इतकी वर्षं दुसऱ्यांना बघत आले होते, स्वतः कधी उभी नव्हते. "तू रोज येतेस," ती म्हणाली.

"येते. आणि तुझी कॉफी पिते, ही काय कमी शिक्षा आहे? शिवण बघ आधी."

तिने उसवलेली शिवण उचलली, खिडकीशी नेली. टाके उजव्या हाताचे होते. शेवटी, मांजरीच्या शेपटीपाशी, विटलेली पण लालच गाठ होती.

ती परातीपाशी येऊन बसली. मग हळूहळू, माझ्याशी नाही, त्या परातीतल्या वाळूशी बोलल्यासारखं म्हणाली, "आई गेली त्या आठवड्यात हिची वाळू गळत होती. घर माणसांनी भरलेलं. सगळ्या रडत होत्या, मला रडू येईना, म्हणून मी हेच घेऊन बसले होते. भरली आणि शिवून टाकली." मांडीवर कात्री असणार. वाळूबरोबर तीही आत गेली. शिवण शिकणाऱ्या पोरीची सुई गोधडीत राहते, हे आम्ही हसून सांगतो. हिने कात्री शिवली होती.

तिने सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला ओवला, एरवी डोळे अधू असल्याचं सांगणारीने. कात्री पुन्हा मांजरीच्या पोटात ठेवली.

"काय करतेस?"

"होती तिथे ठेवते. कोणाला कळतंय?"

"मला कळलं."

"तू बोलणार आहेस?"

"मी नाही बोलणार. पण त्या संताला काय सांगशील?" मी वर बोट केलं. "त्याने आपलं काम केलं. सावकाश केलं, पण केलं."

ती सुई धरून बसून राहिली. रापादुरा आली, परातीतल्या वाळूकडे पाहिलं, आणि मांजर वाळूत जे करतं ते करायला बसली. दोर्वालिनाने तिला हाकललं नाही, यावरून काय ते समजा. मग तिने कात्री बाहेर काढली, टेबलावर ठेवली, तिच्यावर एक फडकं टाकलं. कापडाच्या मांजरीत उरलेली वाळू भरली, शिवण घातली, लाल गाठ मारली. गाठ मारण्याआधी आत दोनदा हात घालून पाहिला.

पावाची वेळ झाली. तिने पिशवी घेतली, घराला कुलूप लावलं, कुलूप ओढून पाहिलं.

"चल तूही," मला म्हणाली. "नंतर तिखटमीठ लावून सांगशील, त्यापेक्षा बघूनच घे."

आम्ही उतार उतरलो. तिने रस्ता ओलांडला नाही. नादिर ओसरीवर खुर्ची टाकून शेंगा सोलत होती, आणि आमच्या आधी पोचलेली रापादुरा तिच्या पायाशी, घरच्यासारखी. दोर्वालिनाने मांजरीकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, आता आधी मांजरीचाच विषय काढते ही.

तिने पिशवी माझ्या हातात दिली. फाटकाचा गज धरला. "संत लोंगिन्यो," एवढंच म्हणाली आणि उडी मारली. उडी कसली, टाचा उचलल्या. दुसरीला जरा जमिनीपासून सुटली. तिसरीला गुडघा मोडल्यासारखा वाजला आणि ती गजाला लोंबकळून उभी राहिली.

नादिरचे हात शेंगांत थांबले. आमच्याकडे म्हातारी माणसं रस्त्यात उगीच उड्या मारत नाहीत, हे तिला सांगावं लागलं नाही.

"कुठे होती?" नादिरने विचारलं.

"माझ्याच घरात. माझ्याच हातची शिवण."

नादिरने एक शेंग घेतली, सोलली, दाणे टोपलीत टाकले. मग म्हणाली, "तिसरी उडी धरायची का? मला तर दोनच दिसल्या."

"गुडघा बघ माझा."

"मला काय, संताला विचार."

"आणि माझ्या मांजरीला तू काय खायला घालतेस?"

"मासळीची डोकी. येते, म्हणून घालते. मी बोलवत नाही."

"पट्टा शिवलास तू."

"उसवला होता. तुझी शिवण हल्ली सैल पडते."

दोर्वालिनाची मान ताठ झाली. मी पिशवी छातीशी धरली. पण ती एवढंच म्हणाली, "कात्रीला गंज चढलाय."

"आण उद्या. माझ्याकडे धारेचा दगड आहे. माझ्या हातात कापत नाही ती, पण धार लावता येते."

"बघू," दोर्वालिना म्हणाली आणि बेकरीकडे चालू लागली.

बेकरीत तिने नेहमीसारखा प्रत्येक पाव अंगठ्याने दाबून पाहिला.

"हा सकाळचा आहे," ती बेकरीवालीला म्हणाली.

"आत्ताच भट्टीतून काढला, दोर्वालिनाबाई. वाफ बघा."

"वाफेचं मला सांगू नकोस. असं तू रोज म्हणतेस."

परत येताना नादिरच्या फाटकाच्या जरा आधी तिचे पाय आपोआप रस्ता ओलांडून पलीकडे गेले, आणि मीही मागोमाग गेले. ओसरीवरून नादिर हसली की खोकली, ते ओळखता आलं नाही. माझ्या दाराशी दोर्वालिना थांबली, पिशवीत हात घालून माझे पाव काढून दिले. गरम होते, हाताला चटका बसला.

"बघ," ती म्हणाली, "एका बाजूने करपवलेत. मुद्दाम."