डागाचं अर्धं माप

नांदेडच्या त्या कॉलेजात सिद्धेश्वरमामा म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई, काचा पुसणारे. सूर्यावरच्या डागातलं चुंबकत्व मोजायचं वेड त्यांना लागलंय, हे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

लातूरच्या काचवाल्याकडून आणलेला आरसा गच्चीवर होता. त्यानं वळवलेलं ऊन खाली अंधाऱ्या खोलीत येऊन बारीक चरांच्या काचेतून रंगारंगात फाकायचं. त्या रंगांत लोखंडाची एक काळी रेघ असते. डागातलं चुंबक ती रेघ फोडतं आणि दोन तुकड्यांचा उजेड एकमेकांच्या उलट पिळतं. म्हणून पोलरॉइडच्या उजेड गाळणाऱ्या काचेपुढं अभ्रकाची पातळ पट्टी धरायची. ती एका बाजूला फिरवली की एक तुकडा दिसतो, दुसऱ्या बाजूला फिरवली की दुसरा. दोन्हींचे फोटो लागोपाठ घ्यायचे; त्यांच्यातलं अंतर हेच चुंबकाचं माप. रद्दीत निघालेल्या पुस्तकांतून मामा हे शिकले. अकरा वर्षं हाताला लागले ते बारके डाग. रेघ कधी नीट फुटलीच नाही.

२०२४च्या मेमध्ये हवा तसा भलामोठा डाग आला, आणि तीन दिवस आभाळ भरून राहिलं. चौथ्या दिवशी ऊन पडलं. उद्या डाग सूर्याच्या कडेआड जाणार, महिनाअखेर मामा निवृत्त होणार, आणि खोलीत संगणक बसणार.

मामांनी पहिला फोटो घेतला. पट्टी फिरवली, आणि ऐन प्रवेशात पडदा पडावा तसा अंधार झाला.

धापा टाकत ते गच्चीवर गेले. कठड्याला बारा फुटी फ्लेक्स बांधलेला होता. ‘सेवापूर्तीबद्दल अभिनंदन’, आणि खाली त्यांचाच फोटो. सावली थेट आरशावर. विभागप्रमुख शरदचंद्र सर मोठ्या हौसेनं गाठी आवळत होते.

“सर, ह्ये काढा. धा मिनिटं.”

“अहो मामा, तुमच्या सत्काराला संस्थेचे अध्यक्ष खाली येऊन बसलेत. सूर्य काय पळून चाललाय का?”

“हाव सर. डाग चाललाय.”

सर हसले आणि मामांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना खाली घेऊन गेले.

शाल, नारळ, फेटा झाला. अध्यक्ष तासभर बोलले. मामा सूर्यासारखे नियमित, असंही म्हणाले. मामा सुटले तेव्हा ऊन पाण्याच्या टाकीआड गेलं होतं. वहीत त्यांनी पहिला आकडा लिहिला. शेजारचा रकाना कोराच राहिला.

फ्लेक्स सरांनी प्रेमानं घडी घालून दिला. अर्धापूरला घरी मामांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, तो गच्चीवर अंथरून त्यावर कुरडया घातल्या.

“बघा तर, उन्हात कसं हसून राहिलेत तुम्ही.”

मामा उठले. ओल्या कुरडया एकेक करून ताटात काढल्या आणि फ्लेक्स पालथा घातला.