तबकडीवरची माझी गिटार

वडिलांचा आवाज ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरवायला चार मिनिटं पुरली असती. मी त्यात त्यांचा अख्खा शनिवार घालवला.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. धाकटी बहीण मार्था मिरजेला नर्सिंग शिकत होती आणि तिला नाताळची सुट्टी मिळेना. नगरला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या अक्काच्या नवऱ्यानं, लष्करी भंगारातून तबकडी कोरायचं यंत्र मिळवलं होतं. कोरी तबकडी मात्र एकच. तेव्हा वडिलांनी नाताळचं गीत गायचं आणि ते मार्थाला पाठवायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. (साथीला माझी विजेची गिटार, हे मी एकट्यानं ठरवलं.)

वडील सोनईचे निवृत्त मास्तर. कोट घालून सकाळीच दाजींकडे हजर. मी गिटारची वायर यंत्राला जोडली, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा! दाजींनी समजावलं, की गिटारच्या तारांखालचं कॉइल अशक्त आहे आणि यंत्र त्याच्याकडून फार ओढून घेतंय, म्हणून बारीक सूर गिळले जातात. वायर आत शिरते तिथं अडथळा वाढवला, की ही ओढ कमी होईल. त्यांनी तिथं फिरवायची एक खुंटी बसवून दिली.

ती त्यांनी बसवायला नको होती. डावीकडे फिरवली की गोधडी, उजवीकडे फिरवली की परातीत खिळे. मधे कुठंतरी माझा सूर होता आणि तो मला सापडेना. दर खेपेला मी वडिलांना एक कडवं म्हणायला लावी. (साथ जुळायला नको?) जेवणं झाली. वडिलांनी कोट काढला, पुन्हा घातला. चार वाजता त्यांचा घसा बसला. अक्का ज्येष्ठमध घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता गेली.

"आता केसभर उजवीकडं," मी म्हणालो.

"मार्थाला माझा आवाज पाहिजे का तुझी खुंटी?" वडिलांनी विचारलं.

दाजी उठले. "पुरं झालं. आता तू खुंटीला हात लावायचा न्हाई." आणि त्यांनी सुई टेकवली.

वडील बसलेल्या घशानंच गायले, पण असे, की अक्का दाराला टेकून डोळे पुसत राहिली. मीही वाजवलं. सूर अगदी मनासारखा लागला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पंधरा दिवसांनी मार्थाचं पत्र आलं. वडिलांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. मेट्रनबाईंच्या फोनोवर तिनं तबकडी पुन्हापुन्हा ऐकली होती आणि दरवेळी रडली होती. खाली ताजा कलम होता: गाण्यामागं दाजींच्या विहिरीचा रहाट फार करकरतोय, दादाला म्हणावं त्यात तेल घाल.